रात्री झटकावा लागणारा हात

कार्पल टनेल सिंड्रोम हे नाव मी पहिल्यांदा ऐकले, ते मानेच्या दुखण्यावरच्या गोळ्या आठ महिने खाऊन झाल्यावर. रात्री उजव्या हाताला मुंग्या यायच्या, पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची, हात पलंगाबाहेर सोडून जोरात झटकला की बरे वाटायचे. मानेचा एक्स-रे काढला. मणक्यांत झीज दिसली आणि सगळा दोष मानेवर गेला. पंचेचाळिशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसतेच, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले. ‘‘मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात? आणि त्याने झोपमोड होते का?’’ करंगळी सोडून बाकीच्या बोटांना, असे मी म्हटले आणि त्यांनी मानेची फाइल बाजूला ठेवली.

मी ठाण्यात घोडबंदर रोडवर वाघबीळच्या बाजूला राहते. त्या दिवसानंतर मी ओळखीच्या लोकांना हेच दोन प्रश्न विचारू लागले आणि थक्क झाले. पोळी-भाजी केंद्रात दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, रात्री हात मेल्यासारखा होतो. सकाळी लाटणं हातातून निसटतं.’’ रोजच्या रिक्षावाल्या दादांनी डाव्या मनगटात तांब्याचे कडे घातले होते, ते याच दुखण्यासाठी. कोणी तेल चोळत होते, कोणी शेक घेत होते, कोणी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने घेऊन थकले होते. गळ्याला पट्टा लावलेलेही निघाले. पण ज्याने झोप मोडते त्या मनगटाला रात्री सरळ बांधून ठेवायला यांतल्या एकालाही कोणी सांगितले नव्हते. या दुखण्यावर काय उपाय आहेत, त्यांतले कोणते खरे उतरले आणि कोणते नुसतेच चालत आले आहेत, हे एकत्र मांडायची गरज मला तेव्हा वाटली.

आधी मनगटाची रचना पाहू. तळहाताच्या मुळाशी आठ लहान हाडे कमानीसारखी बसलेली असतात आणि त्या कमानीवर एक जाड, आडवा, न ताणला जाणारा बंध असतो. खाली हाडे आणि वर बंध, असा हा बोगदा. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या सोबतीला एकच नस, मीडियन नर्व्ह. घोडबंदरवाल्यांना गायमुखचा घाट आठवला तर अधिक सांगायला नको. रस्ता रुंद होत नाही, वाहने मात्र वाढतात आणि जो सर्वांत नाजूक तो चेंगरतो. कंडरांवरचे आवरण सुजले, अंगात पाणी साचले किंवा मनगट वाकलेले राहिले की बोगद्यातला दाब चढतो आणि नसेचा रक्तपुरवठा तुटू लागतो.

हा दाब १९८१ साली गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजला. निरोगी माणसाच्या सरळ मनगटात तो पाऱ्याच्या सरासरी अडीच मिलिमीटर इतका होता, तर या रुग्णांमध्ये ३२. रुग्णांनी मनगट आत पूर्ण वाकवले की ९४ आणि मागे वाकवले की ११०. माझ्या मते या विषयातले सर्वांत उपयोगी आकडे हेच. आपण झोपतो ते मनगट मुडपून, उशीखाली किंवा गालाखाली घालून. तासन्तास. रात्रीच्या मुंग्यांचे मुख्य कारण ते आणि रात्री मनगटाला पट्टा बांधण्याचे कारणही तेच.

ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग सांभाळते. करंगळी दुसऱ्या नसेकडे, म्हणून करंगळी सुटली आहे का, हा प्रश्न मोलाचा. करंगळीच बधिर असेल तर कोपराकडे पाहावे. मान वळवल्यावर कळ दंडातून खाली उतरत असेल तर मानेकडे. आणि हात झटकल्यावर आराम पडत असेल तर मनगटाचा संशय बळावतो. घरी करता येईल अशी एक तपासणी अमेरिकेतल्या जॉर्ज फेलन या शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटे खाली सोडून, मनगटे एक मिनिट वाकलेली ठेवायची. त्या मिनिटात बोटांत मुंग्या आल्या तर दखल घ्यावी. पक्के निदान मात्र डॉक्टरांच्या तपासणीने आणि गरज पडली तर एनसीव्ही, म्हणजे नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो त्या चाचणीने होते. सुरुवातीच्या अवस्थेत ही चाचणी नॉर्मलही येते, तेवढ्यावरून रुग्णाला खोटे पाडू नये.

मानेवर दोष ढकलण्याची चूक जुनी आहे. जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये मनगटाचे हाड मोडल्यानंतर दबलेल्या नसेचे वर्णन केले होते. १९१३ मध्ये पॅरिसच्या मारी आणि फोआ यांनी शवविच्छेदनात बंधाच्या अलीकडे सुजलेली नस दाखवली आणि वेळीच बंध कापला तर हात वाचेल, असे सुचवले. तरी पुढची तीस-पस्तीस वर्षे बधिर हाताचे कारण मानेजवळची जास्तीची बरगडी किंवा खांद्याचा ताण यांतच शोधले जात होते. १९४७ मध्ये रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये शस्त्रक्रिया केलेले सहा रुग्ण मांडले आणि लक्ष खाली मनगटाकडे आले.

आता संगणकाबद्दल. घोडबंदरच्या टॉवरांमध्ये आयटीत काम करणारी माणसे भरपूर, त्यामुळे हा ‘कीबोर्डचा आजार’ असा पक्का समज आहे. पुरावा तितका पक्का नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००१ मध्ये दिवसभर संगणकावर काम करणारे तपासले, तेव्हा त्यांच्यात हे दुखणे सर्वसामान्य लोकांइतकेच आढळले. डेन्मार्कच्या २००३ च्या मोठ्या पाहणीत कीबोर्डचा संबंध दिसला नाही, आठवड्याला वीस तासांहून जास्त माउस धरणाऱ्यांत थोडा धोका वाढलेला दिसला. संगणकाने मान, खांदे, मनगटाच्या कंडरा दुखतात, यात शंका नाही. पण नस दबण्याचा संबंध पुन:पुन्हा दिसला आहे तो जोर लावून, मनगट वाकवून, सतत एकच हालचाल करण्याशी आणि कंप पावणाऱ्या अवजारांशी.

म्हणजे हे दुखणे वातानुकूलित कार्यालयापेक्षा त्या कार्यालयाच्या आसपास राबणाऱ्या हातांत अधिक शोधायला हवे. कणीक मळून शेकडो पोळ्या लाटणाऱ्या बाया, चार घरचे कपडे पिळणाऱ्या बाया, शिलाईची कात्री दिवसभर चालवणारे शिंपी. वडाळा ते कासारवडवली आणि पुढे गायमुखपर्यंतच्या मेट्रोसाठी याच रस्त्यावर ब्रेकरने काँक्रीट फोडणारे कामगार. रिक्षा तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. डाव्या मुठीत क्लच दाबायचा आणि तीच मूठ पिळून गिअर बदलायचा. कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत वाहने खोळंबली की ही पिळणी किती वेळा होते, ते एकदा मागच्या सीटवर बसून मोजा. अशा कामगारांना डॉक्टर विचारतात, ‘‘वजन उचलता का?’’ ते ‘‘नाही’’ म्हणतात आणि विषय संपतो. ‘‘दिवसभर हाताने नेमकं काय करता, ते करून दाखवा,’’ असे विचारले पाहिजे.

कामाइतकाच शरीराचाही हात आहे. बायकांमध्ये हे दुखणे पुरुषांपेक्षा बरेच जास्त. स्वीडनमधल्या १९९९ च्या पाहणीत प्रौढांपैकी २.७ टक्के लोकांत ते तपासणी आणि चाचणी या दोन्हींनी सिद्ध झाले. मधुमेह, थायरॉइड मंदावणे, संधिवात, वाढलेले वजन, गरोदरपण आणि पाळी जाण्याचा काळ ही नेहमीची सोबत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, तेव्हा मनगट घेऊन आलेल्या माणसाची साखर आणि थायरॉइडसाठी टीएसएच तपासल्याशिवाय त्याला परत पाठवणे मला अक्षम्य वाटते. जुन्या मधुमेहात बोटांचे सांधेही आखडतात आणि नमस्कार करताना तळवे एकमेकांना पुरते टेकत नाहीत. आपल्या घरातल्या ज्येष्ठांचा नमस्कार एकदा नीट पाहावा.

उपचारांत पहिला मान रात्रीच्या पट्ट्याचा. औषधाच्या दुकानात मनगटाचा स्प्लिंट मिळतो आणि तिथेच एक चूक होते. पुष्कळ तयार पट्ट्यांत आतली धातूची पट्टी मागे वाकवलेली असते, म्हणजे मनगट वीस-तीस अंश मागे झुकते. वरचे दाबाचे आकडे आठवा. आपल्याला मनगट सरळ हवे, म्हणून ती पट्टी काढून, हाताने सपाट करून परत घालावी. नुसत्या क्रेप बँडेजने मनगट सरळ राहत नाही, उलट घट्ट गुंडाळले तर दाब वाढतो. पट्टा रोज रात्री, निदान सहा आठवडे. चार दिवस घालून ‘‘फरक नाही’’ म्हणून फेकून देणारे खूप भेटतात. मला तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग झोप लागली. ही आठवण मी विसरणार नाही. गरोदर बायकांना तर बहुधा एवढेच पुरते, बाळंतपणानंतर बहुतेकींचे दुखणे उतरते.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. वेदनाशामक गोळ्या बोगद्यातला दाब कमी करत नाहीत आणि महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. प्रीगाबालिन, गाबापेन्टिन सर्रास लिहून दिली जातात, त्यांचा या दुखण्यात ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. बी-ट्वेल्व्हचे मात्र वेगळे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा दोन-तृतीयांश लोकांत हे जीवनसत्त्व कमी निघाले. त्यामुळे आपल्याकडे ते तपासणे आणि कमी असेल तर भरून काढणे योग्यच. पण त्या कमतरतेत बहुधा आधी दोन्ही पावले बधिर होतात. एका हाताची तीन बोटे रात्री बधिर होत असतील तर बी-ट्वेल्व्हची दहा इंजेक्शने हा त्यावरचा उपाय नाही.

तेल, निर्गुडीचा पाला, शेक यांनी स्नायूंना बरे वाटते, ते कोणी सोडावे असे मी म्हणणार नाही. फक्त बधिर बोटांना चटका कळत नाही, तेव्हा शेक दुसऱ्या हाताने तपासून घ्यावा. गल्लोगल्लीच्या फिजिओथेरपी केंद्रांत ‘मशीन लावतात’, त्या अल्ट्रासाउंडच्या लाटांचा पुरावा कच्चा आहे. हातांनी केलेल्या फिजिओथेरपीचे तसे नाही. स्पेनमध्ये शंभर बायकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मान ते मनगट अशी नसेची वाट मोकळी करणारे मोजके उपचार वर्षअखेरीस शस्त्रक्रियेच्या बरोबरीने उतरले. एका चाचणीवर सगळे ओझे टाकू नये, पण चांगला फिजिओथेरपिस्ट यंत्रापेक्षा हातांवर भर देतो, हे लक्षात ठेवावे.

योगाच्या बाबतीत मराठी वाचकाला जवळची गोष्ट आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत शिकलेल्या, फिलाडेल्फियाच्या मारियन गार्फिन्केल यांनी १९९८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. ४२ रुग्ण, अकरा आसने, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. दुसऱ्या गटाला पट्टा देऊ केला होता. आसने करणाऱ्यांची पकड सुधारली, वेदना कमी झाली, नसेच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. चाचणी लहान होती, पण प्रामाणिक होती. यातून सूर्यनमस्कार सुरू करावेत असा अर्थ काढणे धोक्याचे. अधोमुख श्वानासनात किंवा दंड काढताना सगळा भार मागे वाकलेल्या मनगटावर येतो. मुंग्या असेपर्यंत तळव्यांवर भार देणारी आसने टाळावीत आणि खांदे, छाती, हात लांबवण्याची आसने जाणत्या शिक्षकाकडून शिकावीत.

पट्ट्याने भागले नाही तर स्टेरॉइडचे इंजेक्शन. त्याची आपल्याकडे भीती फार. मनगटात एकदा दिलेले इंजेक्शन आणि महिनोन्‌महिने पोटात जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पट्टेवाल्यांपेक्षा पुढे होते, सहा महिन्यांनी दोघे सारखे झाले. स्वीडनच्या २०१३ च्या चाचणीत जास्त मात्रेचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही ७३ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. नुसते पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण ९२ टक्के होते. म्हणजे इंजेक्शन उसंत देते. मुलीचे लग्न, परीक्षा, गणपती, बाळंतपण अशा वेळी ही उसंत फार मोलाची असते. मधुमेही माणसाची साखर त्यानंतर काही दिवस चढते, ते आधी सांगितलेले असावे. आणि तिसऱ्या-चौथ्या इंजेक्शनची वेळ आली तर विषय शस्त्रक्रियेचा आहे, हे रुग्णाने आणि डॉक्टरांनीही मान्य करावे.

शस्त्रक्रियेत तो आडवा बंध कापतात, एवढेच. हात तेवढा बधिर करून, तळहातावर दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, पंधरा-वीस मिनिटे, त्याच दिवशी घरी. दुर्बिणीतून केली तर लोक थोडे लवकर कामाला लागतात, पण वर्षाने दोन्हींत फरक उरत नाही, तेव्हा त्यासाठी कर्ज काढू नये. नेदरलँड्समध्ये १७६ रुग्णांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीड वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटात ९० टक्के लोक बरे होते, पट्ट्याच्या गटात ७५ टक्के. रात्रीची झोप बहुधा पहिल्याच आठवड्यात परत येते. टाके दहा ते चौदा दिवसांनी. पण तळहाताच्या दोन्ही कडा दुखणे काही आठवडे, कधी काही महिने राहते आणि पिळण्या-मळण्याची पकड यायला दोन-तीन महिने जातात. हे आधी न सांगितल्यामुळे ‘‘ऑपरेशन बिघडलं’’ असे मानून रडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

उशीर झाला तर मात्र चांगल्या शस्त्रक्रियेलाही मर्यादा येते. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, हस्तरेषावाले ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात, त्याचा मनगटाकडचा बाहेरचा भाग याच नसेवर जगतो. नस दीर्घकाळ दबली की तो स्नायू सुकतो, तिथे खळगा पडतो. मग शर्टाची बटणे लागत नाहीत, सुई धरवत नाही. या टप्प्यावर दुखणे पुष्कळदा कमी होते, कारण नसच मरत असते, आणि माणूस समजतो की बरे वाटू लागले. दबाव काढल्यावर नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, पण सुकलेला स्नायू पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून बधिरपणा चोवीस तास राहू लागला किंवा खळगा दिसू लागला तर पट्टा, योग, इंजेक्शन यांत आणखी वेळ घालवू नये.

मनगटाच्या आणखी दोन दुखण्यांचा उल्लेख थोडक्यात करते, कारण ती याच नावाखाली खपतात. बाळंतिणीला अंगठ्याच्या बाजूने कळ येते, तिथे नस नसून अंगठ्याच्या कंडरा घासत असतात. स्विस शल्यविशारद द क्वेर्व्हँ यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. बाळाला काखेतून उचलताना अंगठे फाकवलेले असतात, त्याऐवजी अंगठे बोटांना चिकटवून, ओंजळीत घेतल्यासारखे खालून उचलावे. अंगठ्यासह पट्टा आणि एखादे इंजेक्शन यांनी बहुतेकींना आराम पडतो. दुसरे दुखणे आमच्या रस्त्याचे. पावसाळ्यात खड्ड्यात दुचाकी घसरते, माणूस तळहातावर पडतो आणि अंगठ्याच्या मुळाचे स्कॅफॉइड हाड चिरते. पहिल्या एक्स-रेत ही चीर दिसेलच असे नाही. दुखणे टिकले तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. आणि पडल्यावर मनगट सुजून बोटे काही तासांतच बधिर होऊ लागली तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचे.

घोडबंदर रोडवर खासगी रुग्णालयांची कमी नाही, कमी आहे ती पोळ्या लाटणाऱ्या मावशींना परवडेल अशा दाराची. महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्याला आहे. कासारवडवलीहून तिथे जायचे, रांगेत थांबायचे, परत यायचे, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. डोंबिवलीकरांना शास्त्रीनगर आणि कल्याणकरांना रुक्मिणीबाई रुग्णालय निदान गावात आहे. कारखान्यात किंवा कंपनीत काम करणाऱ्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर त्यांनी राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड काढून पाहावे. वागळे इस्टेटमध्ये योजनेचे रुग्णालय आहे आणि आजारपणात नियमांनुसार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते. शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने त्यात निभावतात. धुणे-भांडी करणाऱ्या बाईला असे काहीच नाही. तिची रजा आपल्या हातात आहे. तिने हात दाखवला तर सहा आठवडे पिळायचे कपडे मशीनला लावा, पगार कापू नका आणि पट्ट्याचे पैसे तुम्ही द्या.

आज रात्री झोपण्यापूर्वी दिव्याखाली दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरा आणि अंगठ्यांच्या मुळाचे दोन्ही उंचवटे पाहा. घरातल्या, रात्री उठून हात झटकणाऱ्या बाईचेही पाहा. एक दुसऱ्यापेक्षा सपाट दिसला तर या आठवड्यातच हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांना गाठा.